तुलनात्मक निबंधात दोन पक्ष समोरासमोर येतच नाहीत: लक्षणं आणि दुरुस्ती

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांचे मसुदे मी गेली बरीच वर्षं वाचतो आहे. कधी कांट आणि मिल असतात, कधी इच्छास्वातंत्र्य आणि नियतिवाद (जे घडतं ते सगळं आधीच्या कारणांनी ठरलेलं असतं, हे मत), कधी रॉल्स आणि नोझिक. विषय बदलतो, बिघाड मात्र बहुतेक वेळा तोच निघतो. दोन विरोधी मतांची तुलना आणि चिकित्सा करायची असते, आणि हातात येतात एकापुढे एक ठेवलेले दोन सारांश आणि शेवटी जोडलेला समन्वयाचा परिच्छेद. लिहिणाऱ्याने मेहनत घेतलेली असते, वाचनही झालेलं असतं, म्हणून मार्क कमी आले की त्याला नेमकं काय चुकलं ते कळत नाही. पुढच्या निबंधात तो आणखी वाचतो, आणखी लांब लिहितो, आणि तोच शेरा परत येतो.

लक्षणं

तपासलेल्या प्रतीवर 'वर्णनात्मक', 'स्वतःचा युक्तिवाद नाही' किंवा 'चिकित्सा वरवरची' असं लिहून येतं.

पहिला आणि दुसरा भाग उलटसुलट लावला तरी निबंधाचं काहीही बिघडत नाही. माझ्या अनुभवात हे सगळ्यांत भरवशाचं लक्षण आहे. युक्तिवाद असलेल्या निबंधातले परिच्छेद असे हलवता येत नाहीत, कारण प्रत्येक परिच्छेद मागच्यावर उभा असतो.

'याउलट' आणि 'दुसरीकडे' हे शब्द पानोपानी येतात, पण नेमकं कशाच्या उलट ते सांगितलेलं नसतं.

टीकेची वाक्यं कोणत्याही तत्त्वज्ञाला लागू पडतील अशी असतात. 'हा विचार फार कठोर आहे', 'हे व्यवहारात शक्य नाही', 'यात माणसाच्या भावनांचा विचार नाही'. नाव बदललं तरी वाक्य जसंच्या तसं चालतं.

आणि लिहिणाऱ्याचं मत पहिल्यांदा दिसतं ते शेवटच्या परिच्छेदात, 'थोडक्यात, दोन्ही बाजूंत तथ्य आहे' या रूपात.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर कारण जवळजवळ नक्की सांगता येतं. दोन पक्ष कोणत्या एका विधानावर भांडतात ते लिहिणाऱ्याला सापडलेलं नाही. ते सापडेपर्यंत भाषा सुधारून, उदाहरणं वाढवून काही होत नाही.

खालच्या तपासण्या सोप्याकडून अवघडाकडे लावल्या आहेत. पहिल्या तीन अर्ध्या तासात होतात आणि बरेच मसुदे तिथेच मार्गी लागतात. सगळा आराखडा मोडून नव्याने लिहायला बसणं ही शेवटची पायरी आहे. अनेक जण तिथूनच सुरुवात करतात, रात्र घालवतात आणि तोच दोष नव्या कागदावर उतरवतात.

१. प्रश्न परत वाचा

प्रश्नातल्या क्रियापदाखाली रेघ मारा. 'स्पष्ट करा' म्हणजे मत नीट मांडा. 'तुलना करा' म्हणजे साम्य आणि भेद कशात आहे ते दाखवा. 'चिकित्सक परीक्षण करा' म्हणजे कोणाचा युक्तिवाद टिकतो आणि का, याचा निर्णय द्या. तिसरं मागितलेलं असताना पहिलं दिलं की 'वर्णनात्मक' हा शेरा ठरलेलाच.

मग क्रियापदाच्या आधीचा भाग बघा. 'इच्छास्वातंत्र्य आहे का?' हा एक प्रश्न. 'नैतिक जबाबदारीसाठी इच्छास्वातंत्र्य लागतं का?' हा वेगळा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना जगात सगळं पूर्वनियत आहे की नाही यावर चार पानं खर्च झालेली मी अनेकदा पाहिली आहेत. तिथे ते ठरवायची गरजच नव्हती.

२. निर्णय एका वाक्यात लिहा

निबंध बाजूला ठेवा आणि कोऱ्या कागदावर एक वाक्य पूर्ण करा: 'अमुक आक्षेपामुळे तमुक मत अडचणीत येतं, कारण…' 'कारण'च्या पुढे लेखणी अडली तर दोष सापडायला सुरुवात झाली. निर्णय नाही, म्हणून निबंधाला दिशा नाही, आणि दिशाहीन लिखाण आपोआप सारांशाकडे वळतं.

समन्वयाबद्दल इथेच सांगतो. दोन्ही बाजूंना थोडंथोडं बरोबर ठरवणं आपल्याला समजूतदारपणाचं वाटतं, आणि रोजच्या आयुष्यात ते अनेकदा असतंही. पण एक पक्ष 'अमुक खरं आहे' म्हणत असेल आणि दुसरा नेमकं तेच 'खरं नाही' म्हणत असेल, तर दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. समन्वय करायला माझी हरकत नाही. मात्र कोणत्या पक्षाचं कोणतं विधान ठेवलं, कोणतं सोडलं आणि सोडताना काय गमावलं, हे तुम्हाला सांगावं लागेल. ते सांगता आलं तर तो समन्वय म्हणजेच तुमचा निर्णय. नाही सांगता आलं तर ती माघार आहे.

३. समासात 'कोण बोलतंय' ते लिहा

छापील प्रत आणि पेन्सिल घ्या. प्रत्येक वाक्याशेजारी 'अ', 'ब' किंवा 'मी' एवढंच लिहायचं. वाक्य पहिल्या पक्षाचं असेल तर 'अ', दुसऱ्याचं असेल तर 'ब', तुमचं मूल्यमापन असेल तर 'मी'.

'अ अ अ अ ब ब ब ब मी' असा नमुना दिसला तर वरची सगळी लक्षणं का दिसत होती ते तुमच्या लक्षात येईल. आणखी एक गोष्ट या तपासणीत सापडते, ती जास्त गंभीर आहे. काही वाक्यांपुढे काय लिहावं हेच कळत नाही. 'माणूस स्वतःच्या कृतींना जबाबदार असतोच.' हे कोणाचं? लेखकाचं, त्याच्या विरोधकाचं की तुमचं? असं बेवारस वाक्य परीक्षकाला तुमचं वाटतं आणि पुढच्या पानावर तुम्ही स्वतःलाच खोडताना दिसता. प्रत्येक बेवारस वाक्याला 'ह्यूमच्या मते' किंवा 'माझ्या मते' असा मालक द्या. दहा मिनिटांचं काम आहे, आणि कित्येकदा एवढ्यानेच निबंध स्वच्छ होतो.

४. दोन्ही पक्ष तोच शब्द त्याच अर्थाने वापरतात का?

ह्यूमने १७४८च्या ग्रंथात स्वातंत्र्याची व्याख्या साधी ठेवली. आपल्या इच्छेच्या निर्णयानुसार कृती करण्याची किंवा न करण्याची शक्ती म्हणजे स्वातंत्र्य, आणि साखळदंडात नसलेल्या प्रत्येकाकडे ते असतं. पीटर व्हॅन इन्वागनने १९८३मध्ये मांडलेला युक्तिवाद असा: नियतिवाद खरा असेल तर आपल्या कृती म्हणजे फार जुन्या भूतकाळाचे आणि निसर्गनियमांचे परिणाम. भूतकाळ आपल्या हातात नाही, निसर्गनियमही नाहीत, म्हणून त्यांचे परिणामही आपल्या हातात नाहीत.

आता 'ह्यूम स्वातंत्र्य मानतो, व्हॅन इन्वागनच्या मते नियतिवादात ते उरत नाही' असं लिहिलं की विरोध दिसतो, पण झालेला नसतो. बेड्या नसणं आणि वेगळी निवड करता येणं या दोन गोष्टी आहेत. न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेत, या गफलतीला 'छल' म्हणतात. त्याचं जुनं उदाहरण 'नवकंबल'. बोलणारा मुलाकडे नवं कांबळं आहे असं सांगतो आणि ऐकणारा 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ लावून विचारतो, याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत? विद्यार्थी मुद्दाम छल करत नाहीत. पुस्तकात दोन्हीकडे तोच शब्द छापलेला असतो, म्हणून फसगत होते.

दुरुस्ती अशी: प्रत्येक कळीच्या शब्दासाठी दोन वाक्यं लिहा, 'अ'च्या मते याचा अर्थ, 'ब'च्या मते याचा अर्थ. अर्थ वेगळे निघाले तर घाबरू नका. नैतिक जबाबदारीला यातला कोणता अर्थ पुरतो, हाच आता तुमच्या निबंधाचा खरा प्रश्न झाला, आणि तो मूळ प्रश्नापेक्षा बराच चांगला आहे.

५. पूर्वपक्ष प्रामाणिक आहे का?

आपल्या परंपरेत खंडनाआधी पूर्वपक्ष, म्हणजे प्रतिपक्षाचं म्हणणं, मांडायचा, तोही प्रतिपक्षाने 'हो, हेच माझं म्हणणं' असं मान्य करावं इतका चोख. ही शिस्त सौजन्यापुरती नाही. दुबळ्या पूर्वपक्षाचं खंडन केलं तर मूळ मत जागच्या जागी राहतं आणि तुमचा सगळा मजकूर वाया जातो.

एका विद्यार्थिनीचा मसुदा मला अजून आठवतो. विषय होता, खोटं बोलणं कधी योग्य ठरतं का. तिने लिहिलं होतं, 'कांट म्हणतो की सगळेच खोटं बोलू लागले तर समाज कोसळेल. मिल म्हणतो की फायदा होत असेल तर खोटं बोलायला हरकत नाही.' दोन्ही वाक्यं चुकीची होती, आणि चुका एकमेकींना पूरक होत्या.

समाज कोसळेल म्हणून खोटं बोलू नये, हा परिणामांवर आधारलेला विचार झाला, आणि कृती योग्य की अयोग्य हे परिणामांवरून ठरवणारा तर मिल. म्हणजे तिने नकळत कांटला मिलच्या बाजूला बसवलं होतं, मग तुलना कशाची करणार? १७८५च्या ग्रंथात कांटने खोट्या वचनाचं उदाहरण घेतलं आहे. परत करायचे नाहीत हे माहीत असताना परतफेडीचं वचन देऊन पैसे घ्यायचे, हा नियम सर्वांसाठी केला तर वचनावर कोणी विश्वासच ठेवणार नाही आणि वचन देणं ही गोष्टच उरणार नाही. परिणाम वाईट होतील असा मुद्दा इथे नाही. मुद्दा असा की तो नियम स्वतःचाच पाया खणतो.

आणि मिल? उपयुक्ततावादावरच्या लेखनाच्या दुसऱ्या प्रकरणात तो म्हणतो की सत्यवचनाचा नियम पवित्र आहे, माणसांच्या बोलण्यावरचा विश्वास ढळला तर सुखाचा आधारच ढळतो. पण अपवाद असतात, उदाहरणार्थ दुष्कृत्य करणाऱ्यापासून माहिती लपवणं, किंवा गंभीर आजारी माणसापासून वाईट बातमी लपवणं. हे अपवाद ओळखून त्यांच्या मर्यादा आखाव्यात असंही तो सांगतो. दुसरीकडे कांटने १७९७च्या एका छोट्या लेखात, मित्राच्या मागावर आलेल्या खुन्याने दारात येऊन विचारलं तरी खोटं बोलण्याचा अधिकार नाही, अशी भूमिका घेतली.

आता दोघे समोरासमोर आले. सत्यवचनाचा नियम महत्त्वाचा आहे हे दोघांनाही मान्य आहे. भांडण आहे ते त्या नियमाचा अधिकार कुठून येतो आणि म्हणून त्याला अपवाद असू शकतात का, यावर. तिने पुढचा मसुदा या एका मुद्द्यावर लिहिला. तो पहिल्यापेक्षा आखूड होता आणि कितीतरी चांगला.

तपासायची युक्ती: तुमचा आक्षेप त्या लेखकाने स्वतःच कुठे उत्तर देऊन निकालात काढला आहे का ते पाहा. 'प्रत्येक कृतीआधी सुखदुःखाचा हिशेब करायला वेळ कुठे असतो?' हा मिलवरचा आक्षेप मला दर वर्षी वाचायला मिळतो. मिलने त्याच दुसऱ्या प्रकरणात तो घेतला आहे. हिशेबाला मानवजातीचा सगळा गतकाळ मिळालेला आहे, तो अनुभव नियमांत साठलेला आहे, असं त्याचं उत्तर आहे. तुम्ही हा आक्षेप जरूर घ्या, पण त्याच्या उत्तराच्या पुढे जाऊन.

६. घाव आधारविधानावर बसतो का?

सगळ्यांत जास्त दुरुस्ती इथे लागते, म्हणून जरा सविस्तर.

निष्कर्ष पटत नाही असं म्हणणं म्हणजे टीका नव्हे. निष्कर्ष ज्या विधानांवर उभा आहे त्यांतलं एखादं खोटं आहे, किंवा ती सगळी खरी असूनही निष्कर्ष निघत नाही, यापैकी एक दाखवावं लागतं. त्यासाठी युक्तिवाद क्रमांक घालून सुटा करा. जबाबदारीच्या वादाचा सांगाडा असा:

१) माणूस कृतीला जबाबदार असायचा तर त्याला वेगळं काही करता येणं शक्य असलं पाहिजे.
२) नियतिवाद खरा असेल तर कोणालाही वेगळं काही करता येणं शक्य नसतं.
३) म्हणून नियतिवाद खरा असेल तर कोणीही कशालाही जबाबदार नाही.

तीन ओळी आहेत, पण त्या लिहिल्या की सगळ्या पक्षांच्या जागा ठरतात. जी. ई. मूरने १९१२मध्ये सुचवलेला मार्ग दुसऱ्या विधानावर जातो. 'वेगळं करता आलं असतं' याचा अर्थ 'तसं ठरवलं असतं तर केलं असतं' असा घेतला, तर ते नियतिवादातही खरं असू शकतं. हॅरी फ्रँकफर्टचा १९६९चा लेख दुसऱ्याला हात लावत नाही, तो पहिल्यावर घाव घालतो. जोन्स एक कृती स्वतःच्या मनाने ठरवून करतो. त्याला माहीत नाही की ब्लॅक नावाचा माणूस टपून आहे, आणि जोन्स वेगळं ठरवण्याची चिन्हं दिसली असती तर ब्लॅकने त्याला तीच कृती करायला लावलं असतं. ब्लॅकला काही करावं लागलं नाही. जोन्सला दुसरा मार्ग नव्हता, तरी तो जबाबदार आहे असंच आपण म्हणू.

मूर आणि फ्रँकफर्ट दोघेही तिसऱ्या विधानाच्या विरोधात वापरता येतात, म्हणून मसुद्यांत त्यांना 'एका बाजूचे' म्हणून एकाच परिच्छेदात कोंबलेलं असतं. सांगाडा मांडला की दिसतं, त्यांचे रस्ते वेगळे आहेत आणि त्यांच्यावरचे आक्षेपही वेगळे. मूरला विचारायचं: कुत्र्याच्या भयगंडाने पछाडलेल्या माणसाने 'ठरवलं असतं तर' कुत्र्याला हात लावला असता हे खरं, पण त्याला तसं ठरवणंच शक्य नसेल तर? हा प्रश्न फ्रँकफर्टला लागूच होत नाही.

संपत्तीचं न्याय्य वाटप कोणतं, या वादातल्या रॉल्स आणि नोझिक यांचंही असंच होतं. 'रॉल्सला समता हवी, नोझिकला स्वातंत्र्य' असं वाक्य लिहिलं की घाव हवेत जातो. रॉल्सच्या १९७१च्या सिद्धान्तात पहिलं तत्त्व समान मूलभूत स्वातंत्र्यांचंच आहे आणि त्याला अग्रक्रम आहे. १९७४मध्ये नोझिकने बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेनचं उदाहरण घेतलं, त्याचा रोख वेगळा होता. प्रेक्षक खुशीने थोडेथोडे पैसे देतात, खेळाडू श्रीमंत होतो आणि वाटपाचा ठरवलेला साचा मोडतो. मग मालकी न्याय्य आहे की नाही हे साच्यावरून ठरवायचं, की ती कशी मिळाली त्या इतिहासावरून? त्या प्रश्नावर दोघे खरोखर भिडतात.

सांगाडा तयार झाला की तुमच्या टीकेतल्या प्रत्येक वाक्यापुढे क्रमांक घाला: हे कितव्या विधानाविरुद्ध आहे? ज्याला क्रमांक देता येत नाही ते वाक्य काढून टाका, कितीही सुंदर असलं तरी.

७. दुसरी फेरी आहे का?

'अ'चं मत, 'ब'चा आक्षेप, निकाल. एवढ्यावर थांबणारा निबंध बरा असतो, चांगला नसतो. ज्याच्यावर आक्षेप आला तो काय उत्तर देईल?

फ्रँकफर्टच्या उदाहरणाला डेव्हिड विडरकरने १९९५मध्ये पेच टाकला. ब्लॅक ज्या चिन्हावर नजर ठेवून आहे त्या चिन्हावरून जोन्सचा निर्णय आधीच निश्चित होतो का? होत असेल तर उदाहरणात नियतिवाद गृहीत धरला गेला, आणि नियतिवादात जबाबदारी उरत नाही असं मानणारा जोन्सला जबाबदार का म्हणेल? होत नसेल तर जोन्सला शेवटच्या क्षणी वेगळं ठरवणं शक्य राहिलं. ही फेरी घेतली की तुमचा निर्णय विचार करून घेतलेला आहे हे परीक्षकाला दिसतं. तुमचं मत फ्रँकफर्टच्या बाजूचं असेल तर पेचातल्या दोन शिंगांपैकी, म्हणजे पर्यायांपैकी, कोणत्याला धरून उत्तर द्यायचं तेही तुम्हाला ठरवावं लागेल.

दोन फेऱ्या पुरेत. तिसरीत जायला दोन हजार शब्दांत जागा नसते.

८. आराखडा मोडून नव्याने

वरचं सगळं करूनही परिच्छेद हलवता येत असतील तरच हे करा. जुना मसुदा बंद करून ठेवा, त्यातून काही उचलू नका. विधानांनुसार भाग पाडा: पहिल्या विधानावर दोघे काय म्हणतात आणि तुमचा कौल, मग दुसऱ्यावर. माणसांनुसार भाग पाडले की सारांश परत येतो. जे विधान दोघांना मान्य आहे त्यावर एक ओळ पुरे. सगळी जागा वादाच्या विधानाला द्या, निबंध असमान दिसला तरी चालेल.

कुठे थांबायचं आणि शिक्षकांकडे जायचं

काही बिघाड एकट्याने दुरुस्त होत नाहीत. मूळ उतारा तीन वेळा वाचूनही युक्तिवादाची आधारविधानं स्वतःच्या शब्दांत लिहिता येत नसतील, तर चौथ्यांदा वाचू नका. अनुवादात एखादी संज्ञा संदिग्ध असेल आणि त्यावर तुमचा आक्षेप उभा असेल, तर मूळ भाषा जाणणाऱ्याला विचारा. दोन्ही लेखक मुळात वेगवेगळ्या प्रश्नांना उत्तरं देत आहेत असं दिसलं, तर प्रश्नाचा रोख काय ते प्रश्न देणाऱ्याकडूनच समजून घ्या. आराखडा दोनदा बदलून निर्णयही दोनदा उलटला असेल तरी थांबा, तिसऱ्यांदा एकट्याने बसून उपयोग होत नाही. आणि कोणतं वाक्य तुमचं आणि कोणतं एखाद्या टीकाग्रंथातून आलेलं, हे तुम्हालाच आठवत नसेल तर निबंध सादर करण्याआधी जा, नंतर नाही.

जाताना सगळा मसुदा नेऊन 'कसा वाटतो?' असं विचारू नका. एक पान न्या. वर क्रमांकित विधानं, खाली तुमचा एका वाक्यातला निर्णय, आणि अडलेल्या विधानापुढे प्रश्नचिन्ह. 'दुसरं विधान लेखक खरंच मानतो का, की मी त्याच्यावर लादतो आहे?' असं विचारलंत तर दहा मिनिटांत उत्तर मिळतं.